छापील फलकाची निवड : आकार, प्रकार आणि तोरणमाळचा वारा

धर्मग्रामाचा सण, प्रथम ख्रिस्तशरीरसंस्कार, दृढीकरण, नोव्हेना, रक्तदान वा आरोग्य शिबिर असा कोणताही कार्यक्रम ठरला की धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो आणि दोन मिनिटांत संपतो : फलक किती बाय किती करायचा? कोणीतरी 'वीस बाय दहा' म्हणतो, दुसरा 'गेल्या वर्षीचाच आकार ठेवा' म्हणतो आणि छापखान्याला दूरध्वनी जातो. पुढे तो फलक कोणी वाचला, किती दिवस टिकला, कोठे फाटला आणि शेवटी कोठे गेला, याचा विचार बहुधा होत नाही. वास्तविक फलक हा वाचणाऱ्यासाठी असतो. त्याचा आकार वाचणारा किती अंतरावर उभा आहे यावरून ठरतो आणि त्याचा प्रकार ऊन, पाऊस व वारा यांवरून ठरतो. हे कसे ठरवावे, याची माहिती प्रस्तुत लेखात नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ हे ठिकाण डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

तोरणमाळच का?

तोरणमाळ हे अक्राणी तालुक्यातील, सातपुड्याच्या रांगेवरील थंड हवेचे ठिकाण. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ११५० मीटर आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. हा परिसर १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांताच्या सीमेत येतो. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटरचे अंतर आणि सात पायरी घाटाची वळणे पार करून पठारावर पोहोचावे लागते. तेथे यशवंत तलाव आहे, सीताखाईची खोल दरी आहे आणि महाशिवरात्रीला जेथे मोठी यात्रा भरते ते गोरखनाथाचे मंदिर आहे. आसपासच्या पाड्यांवर पावरा व भिल्ल समाजाची वस्ती विखुरलेली आहे.

फलकाच्या दृष्टीने या ठिकाणी चार अडचणी एकदम समोर येतात. पठारावर वारा मोकळा असतो. पावसाळ्यात ढग जमिनीला टेकतात व थोड्या अंतरावरचेही दिसेनासे होते. मोठा छापखाना जवळ नसल्याने चूक झाली तर दुसरा फलक त्याच दिवशी मिळत नाही. चौथी अडचण सर्वांत महत्त्वाची. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, तर संपूर्ण राज्याची सुमारे ८२ टक्के. म्हणजे फलकासमोर उभ्या राहणाऱ्यांपैकी अनेकांना अक्षर वाचता येत नाही, आणि ज्यांना येते त्यांच्यापैकी अनेकांची घरची भाषा पावरी किंवा भिलोरी आहे. येथे उपयोगी पडणारा फलक इतरत्रही उपयोगी पडेल, असे म्हणावयास हरकत नाही.

अंतरावरून अक्षर, अक्षरावरून आकार

फलकाचा आकार ठरविताना आधी कापड मोजण्याची सवय सोडावी. आधी जागेवर जावे, वाचणारा जेथे उभा राहील तेथून फलकाच्या जागेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे. एक साधा नियम जगभरचे फलक तयार करणारे वापरतात : दर दहा फुटांच्या अंतरासाठी अक्षराची उंची एक इंच. २० फुटांवरून वाचावयाचे असेल तर २ इंच, ६० फुटांवरून वाचावयाचे असेल तर ६ इंच.

हा नियम रोमन लिपीसाठी बनलेला आहे. देवनागरीसाठी त्यात एक दुरुस्ती करावी लागते. आपली उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजावी. वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार यांना शिरोरेषेच्या वर आणि उकार, ऋकार यांना खाली जागा लागते. म्हणून ६ इंचांच्या अक्षराची एक ओळ प्रत्यक्षात सुमारे १२ इंच जागा घेते. ही जागा न सोडल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो आणि दुरून सर्वच काळे दिसते. रुंदीचा ढोबळ हिशोब असा की एक अक्षर जितके उंच, साधारण तितकेच रुंद. दोन शब्दांमधील मोकळी जागाही एक अक्षर धरावी.

वाहनातून वाचणाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी जीप एका सेकंदात सुमारे ३६ फूट पुढे जाते. तीन सेकंदांत ती शंभर फुटांहून अधिक अंतर कापते आणि तेवढ्या वेळात पाच-सहा शब्दांपलीकडे वाचून होत नाही. म्हणून रस्त्यालगतच्या फलकावर कार्यक्रमाचे नाव, दिवस व बाण एवढेच असावे. घाटाच्या वळणावर तर फलक लावूच नये. तेथे चालकाची नजर रस्त्यावर राहणे हे आपल्या कार्यक्रमापेक्षा अधिक मोलाचे आहे.

एक उदाहरण : सिकलसेल तपासणी शिबिर

नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियानही सुरू केले. समजा, अशा तपासणीचे शिबिर तोरणमाळ येथील एखाद्या शाळेत भरवावयाचे आहे आणि शाळेसमोरच्या रस्त्याच्या पलीकडून, सुमारे ६० फुटांवरून, फलक वाचला जावा अशी अपेक्षा आहे. येथे फलक वाचला गेला नाही तर एखादे कुटुंब तपासणीवाचून राहते. एवढे या फलकावर अवलंबून आहे.

मजकुराच्या तीन ओळी पुरतात. पहिली 'सिकलसेल रक्ततपासणी', दुसरी 'रविवार, सकाळी ९ ते १' आणि तिसरी 'शाळेच्या आवारात'. अंतर ६० फूट, म्हणून अक्षर ६ इंच. सर्वांत लांब ओळ दुसरी. मोकळ्या जागेसह ती सुमारे १४ अक्षरांची, म्हणजे ८४ इंच अथवा ७ फूट भरते. दोन्ही बाजूंना अर्धा फूट समास सोडल्यास रुंदी ८ फूट होते. उंचीत तीन ओळींचे ३ फूट आणि वर-खाली अर्धा फूट मिळून ४ फूट होतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी डाव्या बाजूस २ फुटांचा पट्टा चित्राला द्यावा : बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब आणि शाळेकडे दाखविणारा ठळक बाण. एकूण फलक १० बाय ४ फूट, म्हणजे ४० चौरस फूट. 'वीस बाय दहा' म्हटले असते तर २०० चौरस फुटांचे पैसे पडले असते आणि वाचणाऱ्याला त्याहून अधिक काहीही कळले नसते.

या फलकावर एक ओळ पावरी भाषेत, देवनागरी लिपीत असल्यास उत्तम. ती ओळ त्याच गावातील जाणत्या व्यक्तीकडून लिहून घ्यावी व तिच्याकडूनच तपासून घ्यावी. मात्र पाड्यांवर निरोप घेऊन जाणारा माणूस अनिवार्य समजावा. आलेल्या माणसाला योग्य दारापर्यंत नेण्याचे काम मग फलक करील.

वाऱ्याचा हिशोब

फलक म्हणजे ताणलेले शीड होय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. वरील १० बाय ४ फुटांच्या फलकावर ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे २३ किलो वजनाइतका जोर पडतो. वावटळीत वारा ताशी ७२ किलोमीटरवर गेला तर तोच जोर सुमारे ९० किलो होतो. २० बाय १० फुटांच्या फलकावर त्याच वावटळीत साडेचारशे किलोंच्या आसपास जोर येतो. तो सुतळी आणि दोन बांबूंनी पेलावा अशी अपेक्षा करणे धोक्याचे आहे.

हा धोका केवळ कागदावरचा नाही. १२ सप्टेंबर २०१९ रोजी चेन्नईत एका लग्नसमारंभानिमित्त रस्त्यात लावलेला फलक दुचाकीवरून जाणाऱ्या २३ वर्षांच्या तरुणीवर कोसळला, ती खाली पडली आणि मागून येणाऱ्या टँकरखाली सापडून मरण पावली. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा बळी गेला. तेथे मुभा ४० बाय ४० फुटांची असताना फलक १२० बाय १२० फुटांचा उभारण्यात आला होता. पहिला फलक घरगुती आनंदाचा होता, दुसरा व्यवसायाचा. वाऱ्याला हा फरक कळत नाही.

म्हणून पुढील काळजी घ्यावी. फलक शक्यतो भिंतीला लागून बांधावा. रस्त्यावर आडवा कधीही बांधू नये. महावितरणचे खांब, रोहित्र आणि विजेच्या तारा यांपासून दूर राहावे. कडेला दुमड घालून दर दोन फुटांवर धातूच्या कड्या, ज्यांना छापखान्यात आयलेट म्हणतात, बसवून घ्याव्यात. १० बाय ४ फुटांच्या फलकास अशा १४ कड्या लागतात आणि ९० किलोंचा जोर प्रत्येकीवर साडेसहा किलोंच्या आसपास वाटला जातो. केवळ चार कोपऱ्यांवर बांधल्यास प्रत्येक कोपऱ्यावर २२ किलोंहून अधिक भार येतो आणि फलक तेथेच फाटतो. वारा जाण्यासाठी मधोमध अर्धचंद्राकृती छेद देण्याची पद्धत दिसते. तिने कापड कमकुवत होते व भार फारसा हलका होत नाही. वारा फार असल्यास जाळीदार कापडाचा फलक मागावा अथवा एका मोठ्या फलकाऐवजी दोन लहान फलक करावेत. बांधणाऱ्यांपैकी एकाने रोज सकाळी दोऱ्या तपासण्याची जबाबदारी घ्यावी.

फलकाचे प्रकार

१. फ्लेक्स : पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर दिलेले हे कापड पाण्यात भिजत नाही व त्यावरील छपाई चकचकीत येते. त्याचे वजन ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे जीएसएममध्ये सांगतात. एक-दोन दिवसांच्या कार्यक्रमासाठी २८० च्या आसपासचे कापड पुरते. महिनाभर उघड्यावर ठेवावयाचे असल्यास ४४० च्या आसपासचे घ्यावे. १० बाय ४ फुटांचा फलक पहिल्या प्रकारात सुमारे एक किलो आणि दुसऱ्यात दीड किलोहून थोडा अधिक भरतो. पाड्यापर्यंत पायी न्यावयाचा असल्यास हेही लक्षात घ्यावे. फ्लेक्सला घडी घालू नये, गुंडाळी करावी. घडीवर छपाई तडकते.

२. छापील कापड : पॉलिस्टर वा सुती कापडावरील छपाई उन्हात चमकत नाही, वाऱ्यात फलक कमी फाटतो आणि घडी करून ठेवता येतो. हिवाळा-उन्हाळ्यात होणाऱ्या व दरवर्षी येणाऱ्या सणासाठी हा प्रकार सर्वोत्तम. पावसात मात्र सुती कापड पाणी पिऊन जड होते.

३. हाताने रंगविलेला कापडी फलक : फ्लेक्सच्या लाटेपूर्वी सर्व धर्मग्रामांत हेच चालत असे. मजकूर थोडा असेल, गावात पेंटर असेल आणि छापखाना दूर असेल, तर आजही हा उपाय सोयीचा आहे. तैलरंग वापरल्यास हलक्या सरीत तो टिकतो आणि चूक जागेवरच दुरुस्त होते.

४. स्टँडी : गुंडाळी होणारा उभा फलक, सामान्यतः अडीच बाय सहा फुटांचा. सभागृहात, नोंदणीच्या टेबलाजवळ तो शोभतो. पठारावर उघड्यावर ठेवल्यास पहिल्याच झुळुकीत आडवा होतो.

५. सनबोर्डवरील विनाइल : कडक पुठ्ठ्यासारख्या फळीवर चिकटवलेली छपाई. दालनांची नावे, दिशादर्शक बाण व मिस्साची वेळ यांसाठी लहान आकारात उपयुक्त.

नाशिकरोड येथील बाल येशूची यात्रा किंवा हरेगावची मतमाउलीची यात्रा यांसारख्या मोठ्या गर्दीच्या ठिकाणी शंभर-दीडशे फुटांवरून वाचल्या जाणाऱ्या कमानी लागतात, हे खरे. परंतु अशी कमान म्हणजे बांधकामच होय. तिचा सांगाडा जाणकार अभियंत्याच्या सल्ल्याविना उभारू नये.

छापखान्यात जाण्यापूर्वी

मराठी मजकुराची सर्वाधिक हानी संगणकावर होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात तयार केलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची गुंतवळ होते. जोडाक्षरे तुटतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये द्यावा व अंतिम आराखड्यातील अक्षरांचे रेषाकृतींत, म्हणजे कर्व्हजमध्ये, रूपांतर करून मागावे.

छायाचित्राबाबत असे ध्यानात घ्यावे की मोबाईलवरून निरोपाबरोबर आलेले चित्र बहुधा आकुंचित झालेले असते. १६०० बाय १२०० बिंदूंचे चित्र इंचाला ७२ बिंदू या हिशोबाने दोन फुटांपेक्षाही कमी रुंदीत स्पष्ट छापले जाते. त्याहून मोठे केल्यास चेहरा पुसट होतो. मूळ फाईल मागवावी. रंगांत पांढऱ्यावर वा फिकट पिवळ्यावर गडद निळा किंवा काळा मजकूर धुक्यातही वाचता येतो. पांढऱ्यावर पिवळा आणि काळ्यावर लाल मजकूर टाळावा.

छपाईपूर्वीची एक सोपी परीक्षा सर्वांना करता येईल. १० फूट रुंदीचा आराखडा ए-४ आकाराच्या आडव्या कागदावर छापला तर तो सुमारे एक-दशांश होतो. तो कागद भिंतीला लावून ६ फुटांवरून वाचावा. तेथून वाचता आला तर खरा फलक ६० फुटांवरून वाचता येईल. हाच कागद मजकुराशी संबंध नसलेल्या दोघांना दाखवावा. त्यांच्याकडून तारीख व वार जुळतो का, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे का, बायबलचे वचन मान्यताप्राप्त भाषांतरानुसार आहे का आणि मान्यवरांची नावे अचूक आहेत का, हे तपासून घ्यावे. देणगीदारांची छायाचित्रे जसजशी वाढतात तसतशी अक्षरे लहान होत जातात. त्यांचे आभार कार्यक्रमात मानावेत.

ख्रिस्तमंदिराच्या आत

मंदिरातील फलक प्रार्थनेला साहाय्य करणारा असावा. वेदी, पवित्र मंजुषा अथवा क्रूस त्याच्यामुळे झाकला जाता कामा नये. येथे चकचकीत फ्लेक्सपेक्षा कापड शोभते. आगमनकाळ व प्रायश्चित्तकाळात जांभळा, नाताळ व पुनरुत्थानकाळात पांढरा, पवित्र आत्म्याच्या सणास लाल आणि सामान्यकाळात हिरवा रंग योजल्यास, एक शब्दही न लिहिता काळ कळतो. असे उभे कापडी पट्टे दरवर्षी वापरता येतात. ज्यावर वर्ष छापले जाते तो फलक मात्र एकदाच वापरता येतो. २०२५ च्या जुबिली वर्षासाठी केलेले, वर्षाचा आकडा असलेले फलक ६ जानेवारी २०२६ रोजी ते वर्ष संपताच निरुपयोगी झाले, हे उदाहरण ताजे आहे. शक्य असल्यास तारखेची पट्टी वेगळी करून खाली जोडावी.

परवानगी आणि कायदा

महाराष्ट्रात सार्वजनिक जागेचे विद्रूपण रोखण्यासाठी १९९५ चा कायदा आहे आणि शहरांतील विनापरवाना फलकांबाबत उच्च न्यायालयाने वेळोवेळी कठोर आदेश दिले आहेत. गावातही ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्यावी. जागा रस्त्याची असल्यास सार्वजनिक बांधकाम विभागाला आणि जंगलाची असल्यास वन विभागाला विचारावे. अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने ग्रामसभेच्या कानावर विषय घालणे हे सौजन्याचे व शहाणपणाचेही आहे. झाडाला खिळा ठोकू नये. यात्रेच्या काळात इतर भाविकांचे फलक आपल्या फलकाने झाकले जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

१ जुलै २०२२ पासून देशभर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक वा पीव्हीसी फलकांवर बंदी आहे. जीएसएम हे वजन आहे आणि मायक्रॉन ही जाडी आहे. छापखान्याकडून दोन्ही पावतीवर लिहून घ्यावेत.

कार्यक्रमानंतर

फलक लावणाऱ्यानेच तो उतरवावा आणि त्याची तारीख परवानगीच्या अर्जातच लिहावी. पीव्हीसी जाळल्यास हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा व डायॉक्सिनसारखा घातक वायू निर्माण होतो. म्हणून फ्लेक्स कधीही जाळू नये, दरीत तर टाकूच नये. पावसाळ्यात झोपडीच्या छपरावर, धान्यावर अथवा सरपणावर झाकण म्हणून जुन्या फ्लेक्सला मागणी असते आणि तसा उपयोग चांगलाच आहे. परंतु ज्यावर प्रभू येशूचे वा पवित्र मारियेचे चित्र आहे, तो फलक उद्या कोणाच्या तरी पायाखाली किंवा गोठ्यात अंथरला जाईल. यावर उपाय छपाईपूर्वीच करावयाचा असतो : पवित्र चित्र वेगळ्या कापडावर घ्यावे व ते जपून ठेवावे. फ्लेक्सवर केवळ मजकूर ठेवावा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरा-आणि-फेका वृत्तीवर जे बोट ठेवले, त्याचा आरंभ आपल्या फलकापासून करता येईल.

थोडक्यात

१. वाचणाऱ्याचे अंतर मोजा. दर १० फुटांस १ इंच अक्षर धरा.
२. देवनागरी ओळीला अक्षराच्या दुप्पट उंची द्या.
३. मजकूर तीन ओळींत बसवा. न वाचता येणाऱ्यासाठी चित्र व बाण द्या.
४. एक-दोन दिवस व पाऊस असल्यास फ्लेक्स, दरवर्षीच्या सणास कापड, आत स्टँडी.
५. दर दोन फुटांवर कडी, शक्यतो भिंतीचा आधार, रस्त्यावर आडवा कधीही नाही.
६. ए-४ कागदाची परीक्षा व दोघांकडून तपासणी.
७. लेखी परवानगी, १०० मायक्रॉनची खात्री, उतरविण्याची तारीख.

पुढील बैठकीत 'किती बाय किती' हा प्रश्न निघेल, तेव्हा आधी 'कोण, कोठून वाचणार' हे विचारावे. त्याचे उत्तर मिळाले की आकार आपोआप निघतो, आणि तो बहुधा आपण योजिलेल्या आकारापेक्षा लहान असतो.